जूनपुरता माणूस: मराठवाड्यात अ‍ॅडमिशन विभागात करिअर करायचं असेल तर

या कामात कुणी ठरवून येत नाही. मीही आलो नव्हतो. बीकॉम झालेलं, टायपिंगच्या दोन परीक्षा पास, आणि एका कॉलेजात ‘जूनपुरता माणूस’ हवा होता. जून संपला, जुलैत गर्दी वाढली, ऑगस्टमध्ये स्कॉलरशिपचे फॉर्म आले, आणि मी राहिलोच. त्याला आता सतरा वर्षं झाली. कॉलेजची खिडकी, इंजिनिअरिंगचं सुविधा केंद्र आणि नंतर एका खासगी विद्यापीठाचा प्रवेश विभाग, असं फिरून झालंय. गावाकडं मात्र अजून ‘कॉलेजात क्लार्क आहे’ एवढंच सांगतात.

ज्यांना हे काम ठरवून करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. पदवी झालेली, एमपीएससीचे दोन-तीन प्रयत्न झालेले, पुण्याला परत जायची इच्छा नाही, अशी बरीच मुलंमुली मला विचारतात. नोकरी आहे. पण तिचं स्वरूप आधी समजून घ्या.

आधी ठरवा: खिडकी की फिरती

प्रवेश विभागात दोन वेगळ्या जातीची कामं असतात आणि जाहिरातीत दोन्हींना ‘अ‍ॅडमिशन’ असंच नाव असतं.

पहिलं खिडकीचं. अर्ज तपासणं, कागदपत्रं पडताळणं, गुणवत्ता यादी लावणं, प्रवेश पोर्टलवर चढवणं, विद्यापीठाकडून पात्रता आणणं, शिष्यवृत्तीचे अर्ज पुढं पाठवणं. इथं नियम कळणारा माणूस लागतो. अनुदानित कॉलेजं आणि शासकीय विद्यापीठांत मुख्यतः हेच असतं.

दुसरं फिरतीचं. ज्युनिअर कॉलेजांना भेटी, करिअर मेळावे, फोन, पालकांशी बोलणं, ‘एवढ्या जागा भरून द्या’ हे टार्गेट. खासगी विद्यापीठं आणि विनाअनुदानित कॉलेजं समुपदेशक म्हणून जी माणसं घेतात, त्यांचं काम बहुतेक हेच. पगार सुरुवातीला इथं जरा बरा, पण ऑगस्टमध्ये आकडा भरला नाही तर सप्टेंबरमध्ये खुर्ची हलते.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं खिडकीवर काढा, मगच फिरतीला जा. थेट फिरतीला लागलेली मुलं बोलायला फार छान असतात, पण पालकानं ‘आमचं नॉन-क्रिमीलेअर मागच्या वर्षीचं आहे, चालतंय का?’ असं विचारलं की तोंडाला येईल ते सांगून मोकळी होतात. त्यापायी एखाद्या लेकराची जागा जाते.

कोणाचं काय चालतं ते पाठ करा

मराठवाड्याचे ८ जिल्हे दोन विद्यापीठांत वाटलेले आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं. पहिलं १९५८ चं, दुसरं १९९४ चं. त्याच १९९४ साली पहिल्याचा नामविस्तार झाला, त्यामुळं जुन्या पदव्यांवर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ दिसतं. असा कागद खिडकीवर आला की नवीन मुलं गोंधळतात. तो कागद बरोबरच असतो.

पण जिल्हा कळला म्हणजे विद्यापीठ कळलं असं नाही. इंजिनिअरिंगची बरीच कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. ते रायगड जिल्ह्यात. दोन्ही विद्यापीठांच्या नावात बाबासाहेब, त्यामुळं पालक हमखास एकाच्या कामाला दुसरीकडं जातात. मायग्रेशनसाठी एक गृहस्थ माजलगावहून संभाजीनगरला दोनदा जाऊन आले होते, आणि त्यांच्या मुलीचं कॉलेज लोणेरेचं होतं. मेडिकल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं. शेतकीचं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडं, ते १९७२ चं. शिवाय कायद्यानं स्वतंत्र असलेली खासगी विद्यापीठं आहेत, उदाहरणार्थ संभाजीनगरचं एमजीएम विद्यापीठ, २०१९ चं.

आता प्रवेश कोण देतं ते बघा. बीए, बीकॉम, बीएस्सीला कॉलेज स्वतःच यादी लावतं, वेळापत्रक विद्यापीठाचं. इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए, लॉ, बीएड यांसाठी सीईटी सेल, म्हणजे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राबवतो. तिलाच सगळे ‘कॅप’ म्हणतात. या सगळ्याच्या मागं २०१५ चा कायदा आहे. त्यातूनच प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण आलं. एकानं प्रवेशाला मान्यता द्यायची, दुसऱ्यानं फी ठरवायची. २०२४ पासून बीबीए, बीसीएसुद्धा सीईटीत आले आणि त्या वर्षी आमच्या टेबलावर जो गोंधळ झाला तो विसरणार नाही. पोरं थेट प्रवेशाच्या भरवशावर जूनमध्ये आली, तेव्हा सीईटीचा अर्ज भरायची तारीख कधीच उलटून गेली होती. २०२५ पासून अकरावीही राज्यभर ऑनलाइन झाली.

यातलं पाठ करायचं एवढंच, की कोणत्या कोर्सला कोण वाली. बाकी नियम दरवर्षी बदलतात. सीईटी सेलची माहिती पुस्तिका येते ती प्रिंट काढून, पेन हातात घेऊन वाचा. पूर्ण वाचा. आमच्या विभागात आठ माणसं असतील तर ती पूर्ण वाचलेली दोनच असतात, आणि सगळे त्या दोघांनाच विचारत असतात.

होम युनिव्हर्सिटीचं गणित

एक मुद्दा वेगळा काढून सांगतो, कारण मराठवाड्यात तो जास्त नडतो. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये जागा होम युनिव्हर्सिटी आणि इतर अशा विभागलेल्या असतात. होम युनिव्हर्सिटी ठरते ती साधारणपणे मुलगा बारावी जिथून पास झाला त्यावरून. घर कुठं आहे यावरून नाही.

अंबाजोगाईचं पोरगं लातूरला अकरावी-बारावी करतं. अंबाजोगाई बीड जिल्ह्यात, म्हणजे संभाजीनगरच्या विद्यापीठाखाली. पण पोराची बारावी लातूरची, म्हणून त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. लातूर पॅटर्नच्या ओढीनं आठही जिल्ह्यांतली मुलं तिथं येऊन राहतात, त्यामुळं ही गोष्ट रोजची आहे. पालक मात्र मागच्या वर्षीची कटऑफ यादी उघडतात आणि आपल्या जिल्ह्याचा रकाना वाचून खूश नाहीतर नाराज होतात. यादीतला कोणता रकाना त्यांचा हे बोट ठेवून दाखवणं, हे समुपदेशकाचं पहिलं खरं काम.

उदगीर, देगलूर, उमरग्याकडं आणखी एक वळण आहे. तिकडची काही मुलं दहावी किंवा बारावी बिदर-भालकीला करतात. मग उमेदवारीचा प्रकारच बदलतो आणि अधिवास प्रमाणपत्रावर सगळं येऊन ठेपतं. याच्या उलट, सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद असते. सीमेजवळच्या कॉलेजात नोकरी धरली तर हे प्रकरण आधी वाचून घ्या.

कागद

इथं थांबून बोलावं लागेल, कारण या पेशाचा जीव कागदात आहे.

समोर पिशवी येते. प्लॅस्टिकची, बहुतेक वेळा कापड दुकानाची. त्यात मार्कमेमो, टीसी, आधार, रेशन कार्ड, सातबारा, कधी वीजबिलसुद्धा. सगळं टेबलावर ओतलं जातं. तुम्ही ते उचलून एका क्रमानं लावायचं, आणि तो क्रम कायमचा एकच ठेवायचा. माझा असा: दहावीचा मार्कमेमो सगळ्यात वर, कारण नाव आणि जन्मतारीख त्याच्यावरून. मग बारावीचा, मग टीसी, मग अधिवास, मग जात, वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, शेवटी आधार आणि बँक पासबुक.

पहिल्यांदा फक्त नाव वाचा. सगळ्या कागदांवरचं, अक्षर न् अक्षर. दहावीला ‘ज्ञानेश्वर’, आधारवर ‘न्यानेश्वर’, जात प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव ‘किसन’, टीसीवर ‘किशनराव’. बाप म्हणतो, “सर, माणूस तर एकच हाय ना?” माणूस एकच, पण पोर्टलला ते कळत नाही. त्याला म्हणायचं, “मामा, आज अर्ज अडत नाही, पण आधार आजच दुरुस्तीला टाका. नाहीतर दिवाळीनंतर स्कॉलरशिप अडकंल.” महाडीबीटीचे, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, आणि तिथं नावाचा घोळ निस्तरायला दोन-दोन महिने जातात.

दुसऱ्यांदा फक्त तारखा वाचा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. ते एक वर्षाचंही असतं, तीन वर्षांचंही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका मुलाचं नॉन-क्रिमीलेअर नुसतं ‘आहे’ म्हणून टिक केलं. मुदत त्याच मार्चमध्ये संपली होती. वरच्या तपासणीत ते निघालं, मुलगा ओबीसीतून खुल्या प्रवर्गात गेला आणि त्याला मिळणारी शाखा हुकली. त्याचे वडील मला काही बोलले नाहीत. खिडकीसमोरच्या बाकावर अर्धा तास बसले आणि एसटीची वेळ झाली तसे उठून गेले. तेव्हापासून मी तारखेखाली पेन्सिलनं रेघ मारल्याशिवाय कागद पुढं सरकवत नाही.

तिसऱ्यांदा वाचायचं ते कागद कुणी दिला ते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा. जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकाऱ्याचं. वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीची. ‘सेतूवाल्यानं दिलंय’ हे उत्तर नाही, सेतू फक्त अर्ज पुढं पाठवतो. अर्ज केल्याची पावती आणि प्रमाणपत्र यातला फरक पालकाला नीट सांगावा लागतो. वैधतेची पावती काही वर्षी चालवून घेतात, ठरावीक मुदतीत मूळ प्रमाणपत्र द्यायच्या अटीवर. त्या वर्षीची सूचना बघितल्याशिवाय ‘चालतंय’ म्हणू नका.

आपल्याकडं जातीच्या कागदांना निजामाचा इतिहास चिकटलेला आहे. महसुली दफ्तर तेव्हा उर्दूत होतं. पणजोबाची नोंद शोधायला गेलं की खासरा पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कधी मोडीतला कागदही निघतो, आणि त्याचं भाषांतर करून घ्यावं लागतं. २०२४ च्या कायद्यानं मराठा समाजाला एसईबीसीचं १० टक्के आरक्षण आलं, पुढं २ सप्टेंबर २०२५ ला निजामकाळातल्या नोंदींवरून कुणबी प्रमाणपत्र देण्याबद्दलचा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. त्यामुळं एकाच घरात मोठ्याचं प्रमाणपत्र एका प्रवर्गाचं आणि धाकट्याचं दुसऱ्या, असंही आता दिसतं. यावर टेबलावर बसून राजकीय मत द्यायचं नाही, कितीही विचारलं तरी. अर्जात कोणता प्रवर्ग टाकायचा, त्याला कोणते कागद लागतात आणि ते मुदतीत मिळतील का, एवढंच बोलायचं.

मुलींची फी, आणि एक सापळा

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत हवं. आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या आणि संस्थास्तरावरच्या प्रवेशाला ही माफी नाही.

आता टार्गेटवाल्या समुपदेशकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जुलैचा पहिला आठवडा, समोर मुलगी आणि तिचे वडील, कॅपच्या फेऱ्या अजून व्हायच्यात. ‘आत्ताच सीट बुक करा, नंतर मिळायची नाही’ म्हणून संस्थास्तरावर तिचा प्रवेश करून टाकला की तुमचा आकडा एकानं वाढतो, आणि त्या घराची चार वर्षांची माफी जाते. असं झालेलं मी पाहिलंय. चूक कुठल्याच कागदावर दिसत नाही, सह्या सगळ्या बरोबर असतात. पण पुढच्या वर्षी त्या गावातून तुमच्याकडं एकही मूल येत नाही. मराठवाड्यात गाव बोलतं. अ‍ॅडमिशनची जाहिरात पारावर होते आणि बदनामीही तिथंच.

शेतकऱ्याचं कॅलेंडर

प्रवेशाचा हंगाम आणि पेरणी एकाच वेळी येतात. जूनमध्ये बी-बियाणं आणि खतात पैसा गेलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण फी मागत असतो. सोयाबीन निघून हातात पैसा येतो ऑक्टोबरात. ज्या कॉलेजानं फीचा पहिला हप्ता छोटा आणि दुसरा दिवाळीच्या आसपास ठेवला, तिथले प्रवेश टिकतात, हे मी दोन ठिकाणी अनुभवलं. तुम्हाला तो अधिकार नसेल तरी प्रस्ताव लिहून वर पाठवता येतो. मी तीन ओळींचा पाठवला होता. दुसऱ्या वर्षी मान्य झाला.

तसंच ऊसतोडीचं. बीडच्या पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरकडं दसरा-दिवाळीनंतर घरं रिकामी होतात. घरात आजी आणि शिकणारी लेकरं. आईबाप कारखान्यावरून मार्च-एप्रिलात परततात. जानेवारीत त्या गावांत पालकभेटीला गेलात तर डिझेल जाळून परत याल. एप्रिलच्या शेवटी जा.

आपलं वर्ष ढोबळमानानं असं जातं. जानेवारी ते एप्रिल सीईटीचे अर्ज आणि परीक्षा, पोरांना अर्जाची आठवण करत राहणं. मे महिन्यात बारावीचा निकाल. आपल्याकडं बोर्डाची संभाजीनगर आणि लातूर अशी दोन विभागीय मंडळं आहेत, दुरुस्तीचा मार्कमेमो कुठून आणायचा हे त्यावर ठरतं. जून ते ऑगस्ट कॅप आणि बीए-बीएस्सीच्या याद्या, या तीन महिन्यांत रजा नाही, लग्नकार्यही नाही. सप्टेंबरपासून प्रवेश मान्यता, पात्रता, महाडीबीटी. ऑक्टोबर ते डिसेंबर ज्युनिअर कॉलेजांच्या भेटी. मध्येच उच्च शिक्षण सर्वेक्षणाची, म्हणजे ऐशेची माहिती भरायची असते. ती कुणाला नको असते, म्हणून नवीन माणसाच्या गळ्यात पडते. आनंदानं घ्या. कोणत्या विभागात किती मुलं, किती मुली, कोणत्या प्रवर्गातली हे सगळं त्यात येतं, आणि पुढच्या मीटिंगला आकडे फक्त तुमच्याकडं असतात.

ज्युनिअर कॉलेजला जाताना

नोव्हेंबर-डिसेंबरात जा. सराव परीक्षा सुरू झाल्या की प्राचार्य वेळ देत नाहीत. आदल्या दिवशी फोन करा, पत्र सोबत न्या, आणि पस्तीस मिनिटांपेक्षा जास्त मागू नका.

प्रेझेंटेशनमध्ये इमारतीचे फोटो दाखवायची सगळ्यांना हौस असते. पोरं ते मोबाइलवर बघून आलेली असतात. त्याऐवजी त्याच तालुक्यातला, तुमच्याकडं शिकत असलेला एक विद्यार्थी बरोबर न्या. तो मेसचं जेवण कसं आहे ते खरं सांगेल. सांगू द्या. एकदा आमच्या एका मुलीनं भर वर्गात ‘हॉस्टेलला उन्हाळ्यात पाण्याची बोंब हाय’ म्हणून सांगितलं, माझा चेहरा पडला. पण त्या कॉलेजातून त्या वर्षी सहा मुली आल्या. मुलीच्या बापाला जे विचारायचं असतं ते हेच असतं: हॉस्टेल कॉलेजच्या आवारात आहे का, वॉर्डन बाई राहायला आहेत का, गावची शेवटची एसटी किती वाजता, शनिवारी सोडतात का. या चार गोष्टी पाठ नसतील तर प्लेसमेंटवर बोलून उपयोग नाही.

प्लेसमेंटवर बोलताना सगळ्यात मोठं पॅकेज सांगू नका. किती मुलं शेवटच्या वर्षाला होती, कितींना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती मिळाले, हे सांगा. तुमच्या कॉलेजाकडं हे आकडे नसतील तर तयार करायला लावा.

फोनची वही

खासगी विद्यापीठात महागडं सॉफ्टवेअर असेल, कॉलेजात एक्सेल असेल. रकाने दोन्हीकडं तेच: मुलाचं नाव, गाव, तालुका, बारावीचं कॉलेज, गट, कोणत्या प्रवर्गाचा कागद तयार आहे, फोन, फोन कुणाचा, माहिती कुठून मिळाली, शेवटचं बोलणं, पुढचा फोन कधी. ‘फोन कुणाचा’ हा रकाना मी वाढवला. नंबर चुलत्याचा असतो, शेजारच्या दुकानदाराचा असतो, आणि आपण थेट ‘बेटा, तुझ्या बॅकलॉगचं काय झालं’ म्हणून सुरू होतो.

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि दोन याद्या जुळवायचं सूत्र आलंच पाहिजे. मंजूर जागा, भरलेल्या, रद्द झालेल्या, शिल्लक, हे प्रवर्गवार रोज संध्याकाळी निघालं पाहिजे. मराठी टायपिंग युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी पोर्टलवर चढवली की चौकोन दिसतात.

आणि याद्या बाहेर जाऊ देऊ नका. बारावीच्या पोरांच्या नंबरांच्या याद्या बाजारात फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला आहे. कुणी मित्र म्हणून यादी मागितली तरी नाही म्हणा.

पैसा, मूळ कागद, एजंट

मूळ कागद तपासून त्याच दिवशी परत द्यायचे, ठेवायच्या त्या स्वसाक्षांकित प्रती. मुलगा दुसरीकडं जाऊ नये म्हणून टीसी अडकवून ठेवायची सवय अजून काही ठिकाणी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा त्याला स्पष्ट विरोध आहे, आणि कागद मागायला आलेल्या पालकासमोर अपमान होतो तो खिडकीवरच्या माणसाचाच. मी नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी वरून सांगितलं म्हणून एकाला ‘साहेब नाहीत, उद्या या’ असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी स्वतःच कपाट उघडून कागद दिले. बोलणी खाल्ली, नोकरी राहिली.

प्रवेश रद्द झाला तर फी किती परत, याचे आयोगाचे २०१८ चे टप्पे असे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर १०० टक्के, त्या १५ दिवसांच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, पुढं ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. कोणत्याही वर्षी आयोग वेगळी सूचना काढू शकतो, आणि कॅपच्या कोर्सला सीईटी सेलचे नियम बघायचे. हे टप्पे टेबलावर चिकटवून ठेवा, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

फी पावतीशिवाय एक रुपया हातात घ्यायचा नाही. पावतीबाहेरच्या पैशाविरुद्ध राज्यात १९८७ पासून कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे. एजंट येतील, ‘दहा अ‍ॅडमिशन देतो, माझं बघा’ म्हणतील. चहा पाजा आणि पाठवून द्या.

वर चढायचं कसं

अनुदानित कॉलेजात आणि विद्यापीठात पायरी कनिष्ठ लिपिकापासून सुरू होते. पदवी, शासकीय टायपिंग परीक्षा मराठी ३० किंवा इंग्रजी ४०, आणि एमएस-सीआयटी. सातव्या वेतन आयोगात वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२००. पुढं वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक, अधीक्षक. विद्यापीठात कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव. अडचण एवढीच, की शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षं अडते, आणि मधली वर्षं कंत्राटी किंवा रोजंदारीवर जातात. ती जातील हे धरूनच घरी बोला.

सहायक कुलसचिव आणि त्यावरच्या पदांना ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून नोकरी करता करता एमए, एमकॉम नाहीतर एमबीए करून टाका. आमच्यातली हुशार माणसं पंधरा वर्षं अनुभव घेऊन बसली आणि ५२ टक्क्यांपाशी अडली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ चं पुस्तक विकत घ्या, अधिकार मंडळांची प्रकरणं वाचा.

खासगीत समुपदेशक, मग जिल्ह्याचा किंवा विभागाचा प्रमुख, मग प्रवेश संचालक. तिथं पदवीपेक्षा तुमच्या वहीतली माणसं मोजली जातात. परदेशी विद्यार्थ्यांचं काम जमलं तर वेगळी वाट आहे. संभाजीनगरला यमनसारख्या देशांतून मुलं येत आली आहेत. त्यांचे व्हिसा, नोंदणी, हॉस्टेलची पोलिसांना द्यायची माहिती हे समजणारी माणसं आपल्याकडं बोटावर मोजण्याइतकी.

मुलाखतीला काय होतं

आता मी टेबलाच्या पलीकडं बसतो. ‘स्वतःबद्दल सांगा’ विचारत नाही. एक फाइल पुढं सरकवतो. त्यात एका काल्पनिक मुलाचे नऊ कागद असतात. दहावी परभणीची, बारावी बिदरची. आधारवर आडनाव आधी, मार्कमेमोवर शेवटी. नॉन-क्रिमीलेअर मागच्या ३१ मार्चला संपलेलं. उत्पन्नाचा दाखला आईच्या नावानं आणि वडील हयात. जात वैधतेची नुसती पावती. वीस मिनिटं देतो आणि विचारतो, याच्या वडिलांना फोन करून काय सांगाल?

बहुतेक जण चुका शोधतात. चारपैकी तीन सापडल्या तरी मला पुरे. मी बघतो तो पुढचा फोन. कुणी म्हणतं, “तुमचे कागद अपूर्ण आहेत, पूर्ण करून या.” मागच्या जूनमध्ये जालन्याची एक मुलगी आली होती. तिनं विचार करून कागदावर आधी लिहून घेतलं आणि मग म्हणाली, “काका, उद्या तहसीलला जाताना हे तीन कागद सोबत न्या, दोन कामं एकाच चकरेत होतील. आधाराचं नंतर बघू, आज ते अडत नाही. आणि पोराची बारावी बिदरला झालीय, तर अधिवासाचा अर्ज आधी टाका.” तिला सोमवारपासून यायला सांगितलं.